डोंगरातलं घर आणि पाण्याची वाट



मागच्या आठवड्यात लोणच्याच्या बरण्यांबद्दल लिहिलं होतं. आज विषय स्वयंपाकघराच्या बाहेरचा आहे, पण घराचाच आहे. मृग जवळ आला की मला माहेरच्या घराची आणि आज्जीच्या एका प्रश्नाची आठवण होते.

माझं माहेर शाहूवाडीच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर. घर जुनं, कौलारू. पुढं सोपा, मग माजघर, मागं न्हाणी आणि परडं. परड्याच्या मागं डोंगर सुरू होतो. तिथं आजोबांच्याही आधीपासूनचा एक दगडी गडगा होता. नुसते दगडावर दगड, मधे चुना नाही की माती नाही. पावसाळ्यात त्याच्या फटीफटींतून पाणी झिरपायचं, खालच्या चरात पडायचं आणि घराला वळसा घालून ओढ्याला जायचं. आम्ही मुली त्या चरात कागदाच्या होड्या सोडत असू.

पुढं थोरल्या काकांनी मागं एक खोली वाढवायची ठरवली. जागेसाठी डोंगराचा पाय जेसीबीनं सरळ उभा कापला, गडगा काढला आणि त्या जागी सहा-सात फूट उंचीची सिमेंटची भिंत बांधली. गिलावा करून रंगही दिला. सगळ्यांनी कौतुक केलं. आज्जी तेवढी भिंतीकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मेस्त्री, भिंत झकास बांधलासा. पर पाण्यानं जायाचं कुठनं?" मेस्त्री हसले. "आज्जी, पाणी येऊ नये म्हणून तर भिंत बांधली."

दोन पावसाळे भिंत उभी राहिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कोल्हापूर-सांगलीला महापूर आला त्या दिवसांत, पहाटेच्या वेळी ती भिंत मधोमध फुटली आणि मागच्या खोलीवर आली. आज्जी त्याच खोलीत झोपायची. सामायिकाला म्हणून ती नेहमीप्रमाणे लवकर उठून देवघरात गेली होती, म्हणून वाचली. तिच्या अंथरुणावर कमरेइतका चिखल होता. नंतर भेटायला येणारा जो तो म्हणायचा, देवानं वाचवलं. आज्जी चिडायची. "देवाला मधी आणू नका. भिंतीला भोकं ठिवा म्हणावं."

त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागले. आपल्या सह्याद्रीत डोंगर कोरून आणि डोंगराला टेकून माणसं दोन हजार वर्षांहून जास्त काळ राहत आली आहेत. मग ती पावसात कशी टिकली? वाचता वाचता आपल्याच एका जुन्या कथेपाशी येऊन थांबले.

धाराशिवच्या लेण्यातली गाठ

धाराशिव शहराजवळ डोंगरात जैन लेणी आहेत. मोठ्या लेण्यात पार्श्वनाथ भगवंतांची मूर्ती आहे. या लेण्यांची कथा कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात येते. हे काव्य साधारण हजार वर्षांपूर्वीचं. डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादित केलं आणि कारंजा जैन ग्रंथमालेतून ते छापलं गेलं. विदर्भातल्या कारंजाच्या भांडारांनी आपले किती ग्रंथ जपले, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

कथा अशी. राजा करकंडू तेरापूरजवळ, म्हणजे आजच्या तेरजवळ, मुक्कामाला असतो. डोंगरातल्या लेण्यात तो दर्शनाला जातो. मूर्तीच्या सिंहासनावर त्याला दगडाची एक गाठ दिसते आणि ती त्याला खटकते. तो एका म्हाताऱ्या शिल्पकाराला विचारतो. शिल्पकार सांगतो, लेणं कोरताना इथं पाण्याची शीर फुटली होती, ती थोपवण्यासाठी ही गाठ बसवली आहे. तरी राजा गाठ फोडायला लावतो. आतून पाण्याचा लोंढा येतो आणि सगळं लेणं भरून जातं. राजाला मोठा पश्चात्ताप होतो. पुढं त्याला त्या स्थानाचा पूर्ववृत्तांत समजतो आणि तो तिथं आणखी लेणी करवतो.

लहानपणी ही कथा ऐकताना मला ती चमत्काराची वाटायची. आता वाटतं, ही कथा रचणाऱ्यांना डोंगर चांगला माहीत होता. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात भेगा असतात, थरांच्या मधे सांधे असतात. वरच्या पठारावर पडलेला पाऊस त्या सांध्यांतून हळूहळू उतरतो. लेणं कोरताना असा सांधा उघडा पडला की पाणी येणारच. दगडाच्या गाठीनं ते दिसेनासं होतं, पण डोंगराच्या पोटात असतंच. आमच्या काकांची रंगवलेली भिंत म्हणजे तीच गाठ होती. फरक इतकाच की आमची गाठ कुणी फोडली नाही, पाण्यानंच फोडली.

लेणी कोरणाऱ्यांनी पाण्याचं काय केलं

मुंबईला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक, बौद्ध भिक्षूंची. इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास कोरायला सुरुवात झाली आणि पुढं हजारभर वर्षं तिथं वस्ती होती. मुंबईचा पाऊस आपल्याला माहीतच आहे. तो तिथं दोन हजार पावसाळे कोसळला आहे.

मी गेले ती मुलांच्या सहलीबरोबर, पण मूर्तींपेक्षा जास्त वेळ वर डोंगराकडंच बघत राहिले. लेण्याच्या कपाळावरचा दगड पुढं काढलेला असतो, म्हणजे वरून ओघळणारं पाणी आत न वळता उंबऱ्याच्या बाहेर पडतं. लेण्याच्या वर, उघड्या कातळावर, उथळ चर कोरलेले आहेत. डोंगरावरून येणारं पाणी त्या चरात शिरतं, बाजूला वळतं आणि लेण्याशेजारच्या टाक्यात जाऊन पडतं. त्या टाक्याला जुन्या शिलालेखांत 'पोढी' म्हणतात. पावसात जे पाणी लेण्याचा नाश करू शकलं असतं, तेच वळवून चैत्र-वैशाखात प्यायला ठेवलं!

आपल्या परंपरेशी जवळचा लेख पुणे जिल्ह्यात आहे. कामशेतजवळ पाले गावच्या डोंगरात एक छोटं लेणं आहे. तिथला ब्राह्मी लेख 'नमो अरहंतानं' असा सुरू होतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा लेख डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी प्रकाशात आणला. सुरुवातीच्या नमस्कारावरून त्यांनी तो जैन मानला. त्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, ते राहू देत. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. लेखात इंदरखित नावाच्या भदंतांनी लेणं आणि पोढी करवल्याचं सांगितलं आहे. इतक्या छोट्या लेखात निवाऱ्याबरोबर पाण्याच्या टाक्याचाही उल्लेख आहे. डोंगरात राहायचं तर निवारा आणि पाण्याची सोय ही एकच गोष्ट आहे, असं त्या माणसांना वाटत असणार.

चातुर्मासात साधू-साध्वी एका जागी का थांबतात, हे आपण मुलांना सांगतोच. पावसात वाटेवर जीवजंतू वाढतात, पायाखाली हिंसा होते. पण चार महिने एका जागी राहायचं तर ती जागा चार महिने कोरडी आणि धड राहायला हवी. दाराशी पाणी आल्यावर धावपळ करून ते जमत नाही. लेण्यांचे चर दाराच्या वर कोरलेले आहेत, आणि ते कोरले असतील कोरड्या दिवसांत. या दोन गोष्टी मनात ठेवा.

गडावरचं आणि गावातलं शहाणपण

पुढं शिवकाळात गडावर वस्ती झाली. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात गडांबद्दल मोठं प्रकरण आहे. ते रामचंद्रपंत अमात्यांचं मानतात. त्यात सांगितलं आहे की गड बांधण्याआधी पाणी पाहावं, आणि नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. आणखी एक सूचना मला गृहिणी म्हणून फार आवडली. गडावरचा केर गडाखाली टाकू नये, जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि भाजीपाला करावा. आज आपल्या डोंगरी गावांतून फिरताना प्रत्येक वळणावर दरीत लोटलेला प्लॅस्टिकचा ढीग दिसतो. तो ढीग पहिल्या पावसात वाहून नेमका खालच्या मोरीच्या तोंडाशी अडकतो आणि पाणी रस्त्यावर, नाहीतर कुणाच्या तरी अंगणात शिरतं.

सामान्य माणसाच्या घराचं बांधकाम या पावसानंच घडवलं. पूर्वी छपरावर गवत नाहीतर कुंभारानं केलेली नळीची कौलं असत. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला आणि पुढं ती चपटी, एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौलं आपल्याकडं घरोघर आली. कौलं बदलली तरी छपराचा उतार आणि वळचण कायम राहिली. वळचण भिंतीच्या पुढं हातभर तरी काढायची, म्हणजे पागोळ्या जोत्यापासून लांब पडतात. त्या जिथं पडतात तिथं दगड बसवलेला चर. जोतं उंच. पावसाच्या बाजूच्या भिंतीला गवताचे नाहीतर झापांचे पडदे. महाबळेश्वरला तर इंग्रजांच्या बंगल्यांनाही पावसाळ्याआधी असे गवताचे पडदे बांधत.

आणि मागं गडगा. माझ्या आजोबांच्या गड्यांनी कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, पण दगड कोरडेच रचायचे हे त्यांना ठाऊक होतं. कोरडा गडगा माती अडवतो आणि पाण्याला जाऊ देतो. एखाद्या वर्षी तो फुगायचा, दोन-चार दगड सुटायचे. उन्हाळ्यात गडी ते परत रचायचे. अशी दरवर्षीची डागडुजी ठरलेलीच होती.

याला लागतं काय, ते हिशेबानं बघा. हजार चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलीमीटर पाऊस पडला तर सुमारे नऊ हजार लिटर पाणी होतं. म्हणजे एका टँकरभर. घाटमाथ्यावर एवढा पाऊस एका दिवसात सहज पडतो. आणि भिंतीचं म्हणाल तर, दोन मीटर उंच भिंतीमागं पाणी काठोकाठ तुंबलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच सुमारे दोन टनांचा रेटा येतो. मातीचा रेटा वेगळाच. आमची भिंत बारा मीटर लांब होती. आज्जीनं हा हिशेब कधी केला नव्हता, पण प्रश्न बरोबर विचारला होता.

जिथं चर पुरत नाही

इथं मला थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर वाचणारीला वाटेल की चर खणला आणि भोकं ठेवली की झालं.

३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. नेहमीच्या एसटीचा ड्रायव्हर आला तेव्हा त्याला गावच दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये. त्याच पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस मोजला गेला आणि आमच्या पन्हाळ्याचा मुख्य रस्ताही खचला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, ठाकर लोकांची वस्ती. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि शेवटी शोध थांबवावा लागला. त्याआधी २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातच जुई आणि दासगाव.

डोंगरावरची माती आणि मुरूम खालच्या कातळावर नुसते टेकलेले असतात. कोरड्या मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. दिवसचे दिवस पाऊस मुरला की माती जड होते आणि कणांमधलं पाणीच त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतं. मग सगळा उतार एकदम सुटतो. तिथं कुणाचा घरामागचा चर काय करणार? ही माणसं बेफिकीर होती म्हणून गेली, असं म्हणणं पाप होईल. त्यांच्यापाशी दुसरी जागा नव्हती.

माळीणच्या लोकांना जवळच आमडे इथं नवं गाव बांधून दिलं, २०१७ मध्ये ती घरं त्यांच्या ताब्यात आली. आणि पहिल्याच जोरदार पावसात तिथले रस्ते खचल्याच्या, भराव वाहिल्याच्या बातम्या आल्या. जागा बदलली तरी पाण्याचा प्रश्न बरोबर आलाच होता.

म्हणून काही खुणा आपल्याला पाठ हव्यात. घराच्या वरच्या जमिनीला नवी भेग पडली, झाडं किंवा विजेचे खांब एका बाजूला कलले, दारं-खिडक्या अचानक बसेनाशा झाल्या, वर्षानुवर्षं स्वच्छ वाहणारा झरा गढूळ झाला किंवा एकदम आटला, तर सामान आवरत बसू नका. माणसं आणि जनावरं घेऊन सरळ बाहेर पडा, रात्र असली तरी. घर पुन्हा बांधता येतं.

आम्ही पुन्हा बांधलं तेव्हा

काकांनी पुढच्या उन्हाळ्यात नवी भिंत बांधली. या वेळी जाणकार अभियंत्याला बोलावून बांधली. काय केलं ते सांगते, कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

पहिलं काम भिंतीचं नव्हतंच. भिंतीच्या बरंच वर, उतारावर आडवा चर घेतला. कान्हेरीला आहे तसाच, फक्त इथं कातळ नाही म्हणून त्याला दगड-सिमेंटचं अस्तर केलं. साधा मातीचा चर घेतला असता तर पाणी तिथंच मुरून उलट उतार भिजवला असता. तो चर हलक्या उतारानं ओढ्यापर्यंत नेला. मधे शेजारच्या आक्कांचं परडं येत होतं. चर तिथंच सोडून देणं सोपं आणि स्वस्त होतं. आज्जीनं ऐकलं नाही. "आपलं पाणी दुसऱ्याच्या दारात सोडायचं न्हाई." खर्च वाढला, पण चर ओढ्यालाच गेला.

मग भिंत. तिच्या मागं हातभर रुंदीची नुसती खडी भरली, माती नाही. भिंतीतून ठरावीक अंतरावर बाहेरच्या बाजूला उतरते पाइप सोडले, आतल्या तोंडाला जाळी लावली. भिंतीच्या पायाशी गटार केलं. छपराला पन्हळ लावून ते पाणी टाकीत घेतलं. टाकी भरली की पाणी पाइपनं ओढ्याला जातं. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी पूर्वी मागं शोषखड्ड्यात सोडत होतो, म्हणजे बारा महिने आपणच उतार भिजवत होतो. ते पुढच्या बाजूला झाडांना वळवलं. उघड्या उतारावर वाळा लावला. त्याची मुळं खोल सरळ जातात आणि माती धरून ठेवतात.

खोली मात्र पुन्हा बांधली नाही. अभियंता म्हणाले, डोंगराच्या पायाला एवढं चिकटून निजायची खोली नकोच. काकांना ते फार जड गेलं. आता तिथं मोकळी जागा आहे, वाळवणं घालायला होते.

दरवर्षी अक्षय तृतीया झाली की घरातल्या सगळ्यांनी मिळून चर साफ करायचा, पाइपांत काठी घालून बघायची, कौलं परतायची असं ठरलेलं आहे. हे पावसाआधीच का? एक तर नंतर चिखलात होत नाही. दुसरं आज्जीनं सांगितलेलं. एकदा ओल आली की चरात गांडुळं, बेडूक, किडे, मुंग्या, किती जीव येतात. तेव्हा फावडं चालवायचं म्हणजे हिंसाच. कोरडं असतानाच काम उरकलं की घरही सांभाळलं जातं आणि जीवही. जयणा आणि डागडुजी या दोन्ही गोष्टी तिच्या हिशेबात एकच होत्या.

आज्जी आता नाही. शेवटच्या पावसाळ्यात ती सोप्यात खुर्ची टाकून बसायची आणि मला फोनवर विचारायची, "मागल्या भोकांतनं पाणी येतंय का बघ म्हणावं." काका जाऊन बघून यायचे आणि सांगायचे, येतंय. मग ती निवांत व्हायची. इतर लोक भिंतीतून पाणी आलं की घाबरतात. ती न आलेल्या पाण्याला घाबरायची.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या कुणाचं घर, माहेर किंवा गावचं शेतघर उतारावर असेल, त्यांनी या रविवारी एकदा घराच्या मागं जाऊन या. वरून येणारं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, एवढंच बघा. जायची वाट दिसली नाही, तर अजून पंधरा-वीस दिवस हातात आहेत.

जय जिनेंद्र.